अष्टमीचं पाणी

कुर्लीला ओठ नसतात.
हे मी देवस्थळीबाईंना तीनदा कळवलं, पत्रानं,
कारण फोनवर माझे शब्द वाळूसारखे होतात,
मुठीत असतात, मग नसतात.
बाईंचं म्हणणं, मुलांना हसरा चेहरा लागतो.
मी लिहिलं, मुलांना पाय मोजायला लागतात.
आठ पाय, दोन नांग्या,
आठांतली शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी.
ती जमायला मला महिना लागला.
हसू एका मिनिटात झालं असतं.

शेवटी बाईंनी पुस्तक तसंच छापलं.
कुर्ली हसत नाही. तरी खपली.

उभादांड्याला मी कामाला बसते ती पाण्यावर,
घड्याळावर नाही.
भरती रोज पाऊण तास मागे सरकते,
पण सांगून येते.
माणसं न सांगता येतात,
ओट्यावर टेकतात, "सहज आले" म्हणतात.
सहज म्हणजे कसं दिसतं,
ते मला अजून काढता आलेलं नाही.

आई म्हणायची, डोळ्यांत बघून बोल.
डोळ्यांत फार असतं गं.
एवढं एका बैठकीत होत नाही.
बाबा जाळं तुणताना बोलायचे,
पाण्याकडे बघत. मीही पाण्याकडे.
"आज पाणी येळार इला गो."
"होय."
आमच्यातलं सगळ्यात लांब संभाषण ते.
त्यांना कुणी कुठला शब्द दिला नाही.

मला मिळाला एकोणचाळिसाव्या वर्षी, कुडाळात,
करकरत्या पंख्याखाली, डॉक्टरांच्या निळ्या पेनानं:
स्वमग्न.
परतताना एसटीत मी तो
कालवासारखा फोडून पाहिला.
मग्न, हे बरोबर.
पण स्व कुठला?
त्या महिन्यात मी कुर्लीत बुडाले होते,
त्याआधी अख्खी थंडी
केवड्याच्या पानाच्या काट्यांत.
स्व तेव्हा काठावरच राहिला असणार,
चपलांशेजारी.
कागद मात्र जपून ठेवलाय.
शाईचा निळा चांगला आहे.

मार्चमध्ये शाळेत बोलावलं.
टाळ्या नकोत, असं मी आधी लिहून कळवलेलं.
गुरुजींनी मुलांना नुसते हात हलवायला शिकवलं होतं:
चाळीस हात, खाडीच्या चिखलातले
एक नांगी उचलून बोलावणारे खेकडे
दिसतात ना, तसे.
मला रडू आलं.
ते मी चष्मा पुसण्यात बसवलं.

बाकाखाली एक मुलगा होता.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही नाही.
पुस्तक उघडं, पान अकरा.
"चंद्र अर्धा आहे."
हो, म्हटलं.
"म्हणजे अष्टमी. अष्टमीला भांग असतो.
तुम्ही पाणी केवड्यापर्यंत आणलंय.
एवढं पुनवेला येतं."

कुणीतरी त्याला दटावलं.
मी बाकाखाली गेले,
साडी, गुडघे, त्रेचाळीस वर्षं, सगळं घेऊन.
बराच वेळ आम्ही
शेजारी शेजारी बसून
पान अकराच्या पाण्याकडे बघत राहिलो.

संध्याकाळी फोन लावला.
आयुष्यात पहिल्यांदा, माझी मी.
देवस्थळीबाई घाबरल्या. काय झालं? सगळं बरं ना?
म्हटलं, पाणी चुकलंय.
दुसऱ्या आवृत्तीत चार बोटं खाली घ्यायचं.
"अहो, कुणाच्या लक्षात येणार आहे?"
म्हटलं, लौकिक तारी, इयत्ता तिसरी.

पुढे काय बोलतात ते सुचेना,
म्हणून फोन ठेवला.
"ठेवते" म्हणायचं राहिलंच.

ओहोटी सहा दहाला होती.
ब्रश धुण्यापुरता उजेड होता अजून.