रोशनीघर, पावणेदोन

भदौरियाचा फोन आला तेव्हा मी रजईत होते.
"मॅडम, सब गायब हो गया."
जानेवारीच्या धुक्यात ग्वाल्हेरचा किल्लासुद्धा
गायब होतो, म्हटलं, म्हणून तो गेलेला नसतो.
काय टाइप केलंस?
"एलएस."
काय म्हणाला?
"कमांड नॉट फाउंड."

स्कूटर काढली. हातमोजे वेळेला सापडत नाहीत,
अण्णांचे पायमोजे हातात चढवले.
रोशनीघरच्या दुसऱ्या मजल्यावर
पोरगा हीटरपाशी उभा, चेहरा असा
की अख्ख्या लष्करची वीज यानंच घालवली.
सकाळी साठ हजार बिलं छापायची,
आणि मशीनला फायलींची यादीसुद्धा दाखवता येईना.

बस, म्हटलं. इको चालतंय का बघ.
चालतं. ते घरातलंच माणूस,
शेलच्या पोटात राहतं,
त्याला शोधायला बाहेर जावं लागत नाही.
आता त्यालाच विचार, पाथ काय आहे?

एकच जागा आली.
ऑप्ट, बिलिंग, बिन.
संध्याकाळी नवं सॉफ्टवेअर बसवताना
यानं प्रोफाइलमध्ये नवा रस्ता लिहिला
आणि जुने जोडायचे राहिले.
एक डॉलर, चार अक्षरं, एक कोलन.

पुसलं कुणीच काही नव्हतं.
एलएस आपल्या जागी, बिनमध्ये, मांडी घालून.
फक्त शोधायला जाणाऱ्याला एकच दार सांगितलेलं,
तेवढं ठोठावून तो परत यायचा
आणि प्रामाणिकपणे सांगायचा, सापडला नाही.
मेला असं म्हणाला का तो? नीट वाच.

"मग बोलवायचं कसं?"
पूर्ण पत्त्यानं.
दौलतगंजात उभं राहून नुसतं "अण्णा" म्हटलं
तर कोण वळेल?
चिटणीस की गोठ, पिठाची गिरणी, वरचा जिना, अण्णा रेगे,
असं म्हटलं की खिडकी उघडायची.
स्लॅश बिन स्लॅश एलएस.
फायली आल्या, ओळीनं,
प्रार्थना संपल्यावर पोरं वर्गात येतात तशा.
भदौरिया हसला. रडला असता तरी चाललं असतं.

प्रोफाइल दुरुस्त केलं, नवं लॉगिन केलं,
तरी बिल निघालं जुन्याच दराचं.
टाइप डॅश ए. बिल नावाचे दोघं निघाले!
एक आजचा, रांगेत शेवटी.
एक युजर लोकलमधला, २०११चा,
लघाटे साहेबांनी रिटायर होण्याआधी बसवलेला.
शेल पहिला भेटेल त्याचाच हात धरतो,
मागे कोण उभं आहे ते बघत नाही.
जुना उडवला. म्हणजे, नाव बदलून बाजूला ठेवला.
लघाटे साहेबांनी मला हे सगळं
स्वतःच्या पैशांचा चहा पाजून शिकवलं होतं.

आणि मग माझ्याच खिडकीत,
जिथं मघाशी तो जुना चालवून पाहिला होता,
बिल म्हटलं तर शेल थेट त्याच रिकाम्या जागी गेला.
नवा पत्ता यादीत होता. यादी वाचलीच नाही यानं.
एकदा सापडलेलं घर तो लक्षात ठेवतो,
तेवढीच पायपीट वाचते.
हॅश डॅश आर, मी सांगितलं.
म्हणजे विसर. रस्ते नाही,
कोण कुठे भेटलं होतं तेवढंच.
भदौरियानं ते वहीत उतरवून घेतलं, शाईच्या पेनानं.

पावणेसहाला प्रिंटर सुरू झाला.
बाहेर गजकवाल्याची भट्टी पेटलेली,
धुक्याला भाजल्या तिळाचा वास.
इंडिकेटर दिला, वळले, गिरणीपाशी स्टँड लावलं,
मोजे काढून खिशात कोंबले.
जिन्याला नवं दार. आत कुणा लहान मुलाची
तीन चाकी सायकल, साखळीनं बांधलेली.

आठ महिने झाले आम्हाला ठाटीपूरला जाऊन.
अण्णा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टला भितात,
आत्ता उठून मोजे शोधत असतील.
किक मारली.
पहिल्यांदा लागली नाही.