बेलार्मीनोचं नाक

सकाळी सहाला, कॉफी तोंडाला लावण्याआधी
बाबा पहिला सिगार पेटवतात.
पगार त्याचाच मिळतो त्यांना, एकतीस वर्षं:
शंभरांतून एक उचलायचा,
कानाशी धरून बोटांत हलकेच दाबायचा,
दोन झुरके घ्यायचे, आणि सांगायचं हात कुणाचा.
"हा ओतिलियाचा. नवऱ्याशी भांडून आली होती,
मध्ये गाठ राहिलीय."
ओतिलिया लाजायची. गाठ असायचीच.

एस्तेलीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही.
नाक आलं. नाक जेवायला गेलं.
नाकाला विचारा, मग पेट्या बंद करा.

मागच्या नोव्हेंबरात ताप आला, आठ दिवस मुक्काम केला,
जाताना वास घेऊन गेला.
आईने कांदा चिरून धरला, पेट्रोलचा बोळा धरला,
शेवटी खोगिराखालचं फडकं आणून धरलं.
"पाणी," बाबा म्हणाले. "सगळ्याचं पाणी झालंय."
मग भिंतीकडे तोंड करून: "कुणाला सांगू नका."
नाक गेल्यावर अब्रू कुठे वेगळी राहते.

तेव्हापासून मी त्यांच्या टेबलाशी बसते.
मी पानं निवडणारी.
तपकिरीच्या सतरा छटा मला अंधारातही कळतात,
तळहाताला शीर लागते, शिरेला लागलेली कीड लागते.
पण सिगार ओढलेला नव्हता कधी.
जो माल आम्ही वळतो तो जातो जिनेव्हाला,
एकाची किंमत ओतिलियाची तीन दिवसांची मजुरी.

आज त्यांनी नवा मेळ पुढे ठेवला.
काळपट, अंगावर तेलाची पुसट चमक,
न पेटवता हुंगला तर गोठ्याबाहेरचा वाळलेला चारा.
"टोपी उडव, डोकं नको."
देवदाराची चिपाटी पेटवली.
"ज्योत लावू नकोस, दाखव. मक्याची भाकरी शेकतेस तशी, फिरवत."
आणि पहिल्या झुरक्याआधी:
"धूर पाहुणा आहे. ओसरीवर बसव,
माजघरात नेऊ नकोस."

मी नेला.
ठसका, डोळ्यांत पाणी, टेबलाची कड.
बाबा हसले नाहीत. पेन्सिल हातात तशीच.
"सांग."
"तिखट."
"तिखट कुठे? जिभेच्या टोकाला?"
"नाही. नाकात. मागच्या दाराने."
"ते शेंड्याचं पान. सगळं ऊन त्यानेच खाल्लंय.
बोलू दे त्याला. थांबेल."

थांबलं.
राख बोटाच्या पेराएवढी झाली, पांढरी, न सांडता,
आणि तिखटाच्या खालून काहीतरी वर आलं:
भाजताना किंचित करपलेला कोको,
नाही, त्याच्या नंतरचं,
कढई उतरवल्यावर चूल जी ऊब धरून बसते, ते.
मग गोड. उसाचं नाही, साखरेचं नाही.
लाकडाचं गोड, सुतार रंधा मारतो तेव्हाचं.
"हालापाची लाल माती," बाबा पुटपुटले. "मधलं पान."
वहीत खूण केली.

तेव्हा लक्षात आलं.
हा मेळ त्यांनी जमवला तो तापानंतर.
नुसत्या आठवणीवर,
दिवे गेल्यावर माणूस आपल्याच घरात
खुर्च्यांना न धडकता चालतो तसा.

शेवटच्या तिसऱ्या भागात धूर जड झाला, ऊन झाला.
"आणि आता?"
मी थांबले. सांगावं की नाही.
"खोगिराखालचं फडकं," मी म्हणाले. "आईने धरलं होतं ते."

ते त्यांच्या वहीत नव्हतं.
पेन्सिल खाली ठेवून त्यांनी माझ्या बोटांतून सिगार घेतला,
डोळे मिटून एक झुरका, लांब,
ओसरीवरच बसवलेला.
"पाणी," म्हणाले.
थोड्या वेळाने: "पण कोमट."

तिकडून, वळायच्या बाकांवरून ओतिलिया ओरडली,
"नाक काय म्हणतंय? पेट्या बंद करू?"
आम्ही दोघांनीही मान वर केली.
तेवढ्यात राख पडली, नेमकी
हालापाच्या खुणेवर.