बॅंड, देवगड बंदरावर

कर्नलसाहेब म्हणाले होते, सैनिकाला चाल हवी.
उचललेलं पाऊल पडायला जागा हवी.
सुभेदार रुजार आल्मेडा "येस सर" म्हणाले
आणि रात्री बराकीत आमच्यापुढे तेच कागद पुन्हा मांडले:
क्लॅरिनेट पाचात, ट्रॉम्बोन सातात,
ट्यूबानं एक पान सूर न काढता नुसती हवा फुंकायची,
आणि शेवटाआधी चाळीस सेकंद
कुणीच काही करायचं नाही.
काहीच न करण्याची तालीम
आम्ही तीन आठवडे केली.

लिहिणारी बाई जैतापूरची, वय सत्तावीस.
एकदाच आली. मला म्हणाली,
"हवालदार, हा सूर थोडा फाटू दे."
बावीस वर्षं तो फाटू नये म्हणून मी पगार घेतला होता.

बंदरावर मांडव. पुढे खुर्च्या नगराध्यक्षांच्या,
मागे जाळी तुणणारे, बर्फाच्या गाडीवरची पोरं,
लिलाव आटोपून पालथ्या टोपल्यांवर टेकलेल्या बाया.
कागद उडू नयेत म्हणून
प्रत्येक स्टँडला कपड्यांचे चार चिमटे.
खाऱ्या हवेनं रीड फुगलेली,
सकाळी घासलेलं पितळ दुपारीच मळकट.

आधी कवायतीच्या दोन चाली. टाळ्या.
पोरं जागच्या जागी लेफ्ट-राइट.
मग ते.
तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी विचारलं,
"सुरू झाला काय, की अजून पेट्येच उघडतत?"
हशा आमच्यापर्यंत आला.
ड्रमवरचा मिंजही हसला, पण सातात हसला.
पुढच्या दोन रांगा उठून गेल्या.

मला वाजवता वाजवता रापण दिसत होती.
बाबा तांबळडेगच्या किनाऱ्यावर दोर ओढायचे.
साठ माणसं, दोन दोर,
कुणाचं पाऊल कुणाशी जुळत नसे,
रेती ज्याच्या त्याच्या पायाखाली वेगळी सरके,
एकजण शिव्या देई, एकजण विडी विझू न देता ओढी,
आणि तरी जाळं येई.
रांगेत पाय आपटून
कुणी आजवर मासळी काढलेली नाही.
हे मी साहेबांना सांगणार होतो.

नाही सांगितलं. कारण दुसरंही ठाऊक होतं.
मिठबावच्या नाईक तुळाजी लोकेला पोचवायला आम्ही गेलो,
बिगुल वाजला, जसा वाजतो तसाच,
आणि गावाला त्याचा आधार झाला:
आता मान खाली, आता वर.
त्याची आई तेवढी
कुठल्याच मात्रेत रडत नव्हती.
त्या दिवशी तिथं हे पाच-सात कुणी काढलं असतं
तर कागद मीच फाडले असते.
पण तिच्यासाठी म्हणून त्या दिवशी
काहीच वाजलं नाही, हेही आहे.
हा हिशेब मला लागत नाही.

ट्यूबानं हवा फुंकली.
टोपलीवरच्या एका बाईनं पदर आवळला.
"मतलय," ती म्हणाली,
पहाटे होडी लोटताना म्हणतात तसं.

मग चाळीस सेकंद.
नगराध्यक्षांना वाटलं संपलं. एक टाळी वाजली,
हात मांडीवर परत गेला.
साहेबांनी घड्याळ पाहिलं.
एक ट्रॉलर ढकढकत आत आला,
धक्क्याच्या खांबांना पाणी लागत राहिलं,
आल्मेडांचा हात वर तसाच, बाहीत वारा,
आणि आम्ही एकवीसजण, ओठांना पितळ, लाकूड,
शपथेवर असल्यासारखे गप्प.
इतका सावधान मी परेडवरही नव्हतो.

मग तो सूर. फाटला.

सामान भरताना मतलयवाली जवळ आली.
"ह्या काय गाणा नाय," म्हणाली.
मी मान हलवली.
ती गेली नाही. "परत कधी?"

अहवालात शेरा: कार्यक्रम ठीक.
पुढील वेळी परिचित चाली घ्याव्यात.
घेतल्या. मी पेन्शनीत आलो.
चुकून एक चिमटा पेटीत राहिला, सरकारी मालमत्ता,
आता परसातल्या दोरीवर बनियन धरून असतो.
वारा फिरला की टकटकतो.
मोजून पाहिलं, पाच नाहीत,
सातही नाहीत.