तीन मिनिटं

पाटीवर लिहिलंय : तीन मिनिटं.
छांगछुनच्या उणे चोवीसात
बोल्टांना पाटी वाचता येत नाही.

गाडी फलाटावर चढते, खालून यंत्राचे हात येतात,
चाचपतात, माघार घेतात.
चिखल गोठून लोखंडाशी एकजीव झालाय.
मग मी किटली घेऊन गाडीखाली सरपटतो.
चहाचीच किटली. दुसरी नाही.

थोंगबाईंची रात्रपाळी. त्यांच्या मागे चार टॅक्स्या
आणि मांडणीत भरलेल्या बॅटऱ्या चार.
पाचवी आहे, पण दुसऱ्या कंपनीच्या मापाची :
दोन बोटं रुंद.
त्या दोन बोटांपायी शेवटचा माणूस
पहाटेपर्यंत स्टिअरिंगवर डोकं टेकून बसणार.

"माझी मी जपून वापरली," बाई म्हणतात,
"कधी वीसच्या खाली उतरू दिली नाही.
आता कुणाची देतोयस?"

पडद्यावर मला दिसतं :
सहा वर्षांची, एकोणसत्तर टक्के जीव उरलेली.
मी म्हणतो, पूर्ण भरलेली आहे.
खोटं नाही ते.

खटका बसतो. त्या निघतात.
त्यांची बॅटरी पट्ट्यावरून आत येते, अजून कोमट.
हातमोजे काढून मी तिच्यावर बोटं शेकून घेतो.
भरल्यावर ती कुणाला जाणार, यादीत असतं.

यादी मी खाली सरकवत नाही.