अजून नको

इंगेगर्ड नोंदी शिसपेन्सिलीने करते,
शाई गोठते म्हणून.
उणे नऊ. बोथनियाच्या आखातावरून वारा,
आणि खडकाच्या कपारीत, बर्फ उकरल्यावर,
नखाएवढं ते रोप,
जमिनीला बिलगलेलं.
तिला त्याचं एकच पान हवं असतं.

या रोपाला फुलायचं सगळं येतं.
फक्त एक जनुक उंबऱ्यात आडवं पडलेलं
अजून नको, अजून नको म्हणत.
सप्टेंबरातल्या त्या खोट्या उन्हात
रोपाने त्याचं ऐकलं नसतं
तर फुललं असतं, आणि मेलं असतं.

थंडी येते तीही घाईने नाही.
एका रात्रीत तिचं काम भागत नाही.
ऑक्टोबरपासून आठवड्यामागून आठवडे
ती पेशीपेशीत शिरत राहते
आणि त्या जनुकाभोवतीचा पीळ आवळते.
अक्षर एकही खोडत नाही.
रिळावर सूत गच्च गुंडाळावं,
टोक सापडू नये,
तेवढंच.

प्रयोगशाळेत भिंगाखाली मूळ.
जनुक बोलतंय तिथे निळं.
इंगेगर्डला वाटलं होतं
निळा रंग विटत जाईल
धुऊन धुऊन सदरा विटतो तसा.
छे.
ही पेशी ठार निळी, तिला खेटून बसलेली कोरी,
पुन्हा दोन निळ्या.
अर्धवट गप्प कुणीच नाही.
जी ती आपल्या वेळेला मूग गिळते,
आणि मग तिच्या लेकी, लेकींच्या लेकी,
ज्यांनी बर्फ पाहिलेलाच नाही,
त्याही.

"पण आता तर ऊन आहे," टूवा म्हणते,
"मे महिन्यात कशाला गप्प?"
इंगेगर्ड कॉफी ओतत राहते.
कागदाची गिरणी बंद पडून अकरा वर्षं झाली
तरी सिक्स्टेन पहाटे पावणेपाचला उठतो,
पलंगाच्या काठावर बसतो,
बूट शोधतो,
मग आठवतं त्याला.

खडकावर फुलं आली, पांढरी, राईएवढी,
कुणाच्या लक्षातही येऊ नयेत अशी.
मग शेंगा. मग बी.
आणि बियाच्या आत, कधीतरी, सगळा पीळ सुटतो;
आईने सोसलेला हिवाळा
लेकराच्या वाट्याला येत नाही.
ते कोरं उठतं आणि पहिल्यापासून सुरू करतं:
अजून नको.

इंगेगर्ड बी पाकिटात भरते.
जुलै आहे, खिडकी उघडी आहे,
टेबलावर चांगलं शाईचं पेन आहे.
तारीख घालायला
तिचा हात खिशातली शिसपेन्सिलच काढतो.