चाळीस

ओरुरोत पहाटे सहाला पाणी नळातच गोठलेलं असतं.
सेव्हेरोची पिकअप अंगणात शिरली ती उचक्या देत,
मागे अंड्यांचे ऐंशी ट्रे, पेंढा, ताडपत्री.
उचकी लागली, कोण आठवण काढतंय,
असं इंजिनाला विचारायची सोय नसते.
निकासिया चोकेनं शाल कमरेला बांधली, बॉनेट वर केलं
आणि आधी नुसतंच ऐकलं.
मी पाना धरून उभा.

चार सिलिंडर. एकेकाची वायर उपसायची, परत खोचायची.
पहिली काढली, इंजिन लंगडलं.
दुसरी, चौथी, तसंच.
तिसरी काढली
आणि कुणाला पत्ताच नाही.
"ही," ती म्हणाली, "जिच्या जाण्यानं काही अडत नाही,
दुखणं तिथंच."
सेव्हेरोनं उगाच फाटकाकडे पाहिलं.

वायर कुरतडलेली होती. बदलली.
उभ्या गाडीचा ठेका जमला,
पण पाय जरासा टेकवला की एक ठोका अजून गळतोच.

मग थ्रॉटलच्या कुशीतला तो काळा, काडेपेटीएवढा सेन्सर.
मीटर तिचा जुना, काट्याचा.
आकडे नुसते उड्या मारतात म्हणते,
काटा अडखळताना दिसतो.
मुंगीच्या पावलानं तिनं थ्रॉटल उघडला.
काटा चढला, चढला,
एका जागी मेल्यासारखा पडला,
पुन्हा वर.
परत पाहिलं. तिथंच.

"किती वेगानं चालवतोस?"
"चाळीस."
"उतारावर?"
"चाळीस."
"आणि रिकामी असताना?"
तो अंड्यांकडे बघत राहिला.
अकरा वर्षं कोचाबांबाचा घाट, पाय एकाच जागी,
आत नखाएवढ्या पट्टीवर
एकच ठिपका घासत गेलेला.

दोन स्क्रू सैल केले. बंद थ्रॉटलला अर्धा व्होल्ट हवा.
केसभर फिरवला. जास्त झाला. केसभर मागे.
श्वास रोखून आवळला, तरी शेवटच्या पिळाला
स्क्रूनं त्याला थोडं ओढलंच.
पुन्हा सैल.
चहा गार झाला.

"इकिकेहून नवा येईपर्यंत निभेल," ती हात पुसत म्हणाली,
"पण पस्तिसानं जा, नाहीतर पन्नासानं.
तुझे चाळीस संपलेत."

साठ बोलिव्हियानो आणि डझनभर अंडी ठेवून तो गेला.
हुआनुनीच्या रस्त्यावर आवाज चढत गेला,
पन्नास असावेत, लोण्यासारखे.
मग ट्रे खडखडले असणार.
आवाज हळूहळू खाली आला, ओशाळल्यासारखा,
आणि लांबून, वाऱ्यावर,
एक उचकी.