ओलं की सुकं

एकतीस वर्षं मी नोटा मोजल्या
ओल्या स्पंजावर बोट टेकवत.
म्हणून गाजराच्या बियांचं पाकीट
आधी ताटलीत ओतलं, मोजलं :
दोनशे सात.

लोकमान्य नगरातली आमची गच्ची, पश्चिमेला उघडी.
शेवेचे सात पत्र्याचे डबे, तळाला खिळ्यानं पाडलेली भोकं,
एक फुटकी बादली,
आणि मुलाचा लहानपणचा आंघोळीचा टब.
माती काळी. पाणी दिलं की चप्पल ओढून घेणारी,
विसरलं की टाचेसारखी भेगाळणारी.
खंडवा रोडच्या नर्सरीतला पोरगा हसला,
"आंटी, रेत मिलाओ. ये तो सीमेंट है."

दसऱ्याला पेरलं.
अकराव्या दिवशी गाजराचे बारीक केस वर आले,
ते मी गवत समजून उपटले.
मग गवत आलं,
त्याला महिनाभर पाणी घातलं.

मेथी तेवढी शहाणी. फोडणीच्या डब्यातलीच मूठभर,
चौथ्या दिवशी सगळी उभी
पगाराच्या तारखेला खिडकीपुढे उभी राहावीत माणसं, तशी.
स्ट्रॉबेरीची तीन रोपं, साठ रुपयाला एक.
डिसेंबरात एक फळ धरलं.
लाल झालेली बाजू खारीनं खाल्ली,
पांढरी मला ठेवली.

पावणेआठला कचरागाडी गात येते.
दिवाळीनंतर मी ओला कचरा देणं बंद केलं,
सालींचा माठ गच्चीवर ठेवला.
चौथ्या दिवशी सुगनानं गाडीवरून विचारलं,
"आंटीजी, घर में खाना बनना बंद हो गया क्या?"
तिला वर नेलं. माठाचं झाकण काढल्यावर
मी नाकाला पदर लावला, तिनं नाही लावला.
आत बोट घालून म्हणाली,
"सूखा भी डालो. अकेला गीला सड़ता है."
कुंच्यानं कोपऱ्यातला पाला ओढून
तिनंच वर पसरला, हात झटकले,
आणि खाली जाऊन हॉर्न वाजवणाऱ्या ड्रायव्हरला
ओरडली.

जानेवारीत गाजरं काढली. एकोणीस.
एकही सरळ नाही;
कुणी मांडी घातलेलं, कुणी पाय पसरलेलं,
एक तर दुसऱ्याच्या गळ्यातच पडलेलं.
त्यातली बरी पाच पुसून शेजारच्या चंदनबाला भाभींकडे नेली.
त्यांनी हात जोडले : "जमीकंद है न, बहन."
पंचवीस वर्षांचा शेजार. मला हे माहीत होतं.
गाजरं हातात आली आणि विसरले.

रसभरीचं बी मात्र विकतचं नव्हतं.
निवृत्तीच्या दिवशी बँकेसमोरच्या गाडीवरून
पाव किलो घेतली होती.
एक पर्समध्ये चिरडली, रुमालावर वाळली.
जुलैत रुमालाचा तो तुकडाच बादलीत पुरला.

थंडीत तिला कागदी कंदील लागले.
मी रोज एक फोडायची. आत हिरवी गोळी,
जीभ आकसवणारी.
नर्सरीवाला फोनवर वैतागला,
"तोड़ना मत. खुद गिरेगी."

हे मला जमेना.
जन्मभर मी माणसांना थांबवलं, 'जरा थांबा' म्हणत,
जाळीच्या आत बसून.
आता जाळी रसभरीची होती,
शिरांची, वाळकी, आरपार दिसणारी,
आणि बाहेर उभी मी.

फेब्रुवारीच्या एका सकाळी फरशीवर सात पडलेल्या.
हिशेब मी वहीत लिहिला आहे :
खर्च दोन हजार आठशे चाळीस.
जमेच्या बाजूला : मेथी तीन जुड्या,
गाजरं (बसलेली) एकोणीस,
अर्धी स्ट्रॉबेरी,
रसभरी सात.

सहा.
एक सुगनाला दिली, गाडी चालू असतानाच.
तिनं हातमोजा काढला, कंदील उघडला,
फळ तोंडात टाकलं. एक डोळा मिटला,
मग दुसरा.
नंतर ते टरफल चिमटीत धरून
गाडीच्या दोन्ही कप्प्यांकडे पाहत राहिली.
"आंटीजी, ये गीले में जाएगा कि सूखे में?"

मला सांगता येईना.
तिनं ते जॅकेटच्या खिशात ठेवलं,
आणि गाडी गात
पुढच्या फाटकाशी गेली.